शंभूराव साळिंदराचं पक्कं अंगण

मुलांनो, नीट बसा. चुळबुळ पुरे. गोष्ट प्राण्यांची आहे, तेव्हा ती आपल्याला लागू होत नाही असं समजून ऐका. मोठी माणसं असंच ऐकतात.

तर एक होतं जंगल. तुमच्या-आमच्या गावासारखंच होतं, फक्त त्यात झाडं शिल्लक होती. तिथे सिंह राजा होता. सिंहच का, असं विचारू नका. त्या जंगलातही कोणी विचारत नसे आणि सगळ्यांची प्रकृती उत्तम राहत असे.

या जंगलात शंभूराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. साळिंदर पाहिलंय का? अंगभर लांब, काळेपांढरे, टोकदार काटे असतात त्याला. शंभूराव स्वभावाने इतके मऊ की वाटेत मुंगी आली तरी “जरा सरकता का?” असं विचारून पुढे जात. पण स्वभाव असतो आत आणि काटे असतात बाहेर. त्यामुळे त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे.

कोणाचं बारसं असो की पंचायत, शंभूराव दिसले की मंडळी तोंडभर म्हणत, “या, या, शंभूराव!” आणि म्हणता म्हणता मागे सरकत. शंभूराव हसत आणि कडेला उभे राहत. चारचौघांत बसायचं कसं असतं, हेच ते विसरून गेले होते. याचं त्यांना फार वाईट वाटे. पण वाईट वाटलं की साळिंदराचे काटे उभे राहतात आणि मंडळी आणखी मागे सरकतात, म्हणून वाईटही बेतानंच वाटून घ्यावं लागे.

घर मात्र त्यांचं सुरेख होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक सपाट माळ होता आणि त्या माळाच्या पोटात शंभूरावांचं बीळ होतं. शंभूराव आणि त्यांची बायको गोदाक्का यांनी ते स्वतः उकरून काढलं होतं. बसायची खोली, स्वयंपाकघर, कंद ठेवायची कोठी आणि आत उबदार झोपायची जागा. भिंती गोदाक्कांनी इतक्या गुळगुळीत लिंपल्या होत्या की त्यांवर काटासुद्धा अडकत नसे.

पण ते घर कोणी पाहिलंच नव्हतं. कारण त्या जंगलात घर बघायची पद्धत नव्हती. पद्धत होती अंगण बघायची. अंगण बघायचं आणि घर कसं असेल ते ठरवून टाकायचं.

दर थंडीत तिथे उन्हाची बैठक भरे. सिंहमहाराज कोणातरी प्रजाजनाच्या अंगणात ऊन खायला येऊन बसत. महाराज आले की सगळं जंगल येई. ज्याच्या अंगणात बैठक झाली, त्याला वर्षभर लोक वाटेत थांबवून खुशाली विचारत. आधी महाराज कुठेही बसत. पण एका वर्षी रानडुकराच्या अंगणात त्यांचा पंजा चिखलात रुतला आणि ओढून काढताना शेपटीचा झुपका खराब झाला. तेव्हापासून दरबाराचा हुकूम निघाला, की महाराज यापुढे फक्त पक्क्या अंगणात बसतील.

हे ऐकलं आणि शंभूरावांच्या डोक्यात किडा वळवळला.

“अगं,” ते घरी येऊन म्हणाले, “मी म्हणतो, आपणही अंगण करावं.”

“करा की. मी झाडून देते,” गोदाक्का कंद सोलता सोलता म्हणाल्या.

“झाडून नाही गं. पक्कं. मुरूम टाकून, दाबून, वर दगडी फरशी लावून. महाराजांच्या बैठकीजोगतं.”

गोदाक्कांचा हात थांबला. “कुठे करणार?”

“वर. माळावर. सपाट जागा तेवढीच आहे.”

“म्हणजे माझ्या डोक्यावर?”

“अगं, सगळ्यांचंच अंगण घराच्या आसपास असतं.”

“आसपास असतं. डोक्यावर नसतं.”

शंभूरावांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांचं मन आधीच माळावर जाऊन बसलं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता. पाहुणा आपल्या अंगणात आला, तर तो आपल्यापासून लांब कसा बसेल? इतका कोण उद्धट असतो? एकदा का बैठक आपल्याकडे भरली, की कोणीतरी नक्की आपल्या शेजारी बसेल. ससा बसला तरी चालेल, अगदी टिटवी बसली तरी चालेल.

हे त्यांनी गोदाक्कांना सांगितलं नाही. असल्या गोष्टी बायकोला सांगायची लाज वाटते. का वाटते, ते मला विचारू नका, घरी जाऊन वडिलांना विचारा.

आता अंगण करायचं म्हणजे तज्ज्ञ हवा. त्या जंगलात बळवंतराव नावाचे एक वानर होते. त्यांनी एक अख्खा उन्हाळा शहरातल्या एका बंगल्याशेजारी आंब्याच्या झाडावर काढला होता. बंगल्याच्या मागच्या बाजूला संध्याकाळी चहा प्यायला म्हणून फरशीचं अंगण बांधत होते. बळवंतरावांनी ते सगळं आंबे खात खात वरून पाहिलं. आंबे संपले तेव्हा ते तज्ज्ञ होऊन खाली उतरले.

बळवंतराव माळावर आले. त्यांनी हात मागे बांधले. एक डोळा मिटून या टोकाकडून त्या टोकाकडे पाहिलं. मग एक धोंडा उचलला आणि जमिनीवर आपटला.

ढम!

“हं,” बळवंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा वैद्याचा होतो तसा झाला. “पोकळ आवाज आहे.”

“खाली आमचं घर आहे,” शंभूराव म्हणाले.

“असेल. पण आवाज ठक्क यायला हवा. ठक्क आला म्हणजे जागा पक्की. बंगल्यावर ठक्क यायचा.”

डोक्यावर धोंडा आपटल्यामुळे गोदाक्का वर आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, पोकळ आहे म्हणून तर आम्ही आत मावतो.”

बळवंतराव समजूतदारपणे हसले. “वहिनी, तुम्ही घर आतून बघता. मी वरून बघतोय.”

गोदाक्का डोक्यावरची माती झटकत खाली गेल्या.

बातमी जंगलभर झाली. शंभूराव अंगण करताहेत आणि त्यासाठी शहरी पद्धत वापरणार आहेत. दुसऱ्या दिवसापासून माळावर मंडळी जमू लागली. बळवंतराव एका शिळेवर बसले आणि त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली.

“शहरात जमीन दाबायला यंत्र असतं. त्याला म्हणतात कॉम्पॅक्टर.”

“कॉम्पॅक्टर!” सगळी मंडळी एकदम म्हणाली. शब्द तोंडात बसायला कठीण होता, म्हणजे वस्तू चांगलीच असणार.

“त्याच्या तीन जाती. एक उड्या मारतं. एक थरथरतं. एक लोळतं. उड्या मारणारं चिकट मातीसाठी आणि अरुंद चरांसाठी. थरथरणारं मुरमासाठी आणि खडीसाठी. लोळणारं मोठ्या रस्त्यांसाठी.”

“आणि चुकीचं निवडलं तर?” शंभूरावांनी भीत भीत विचारलं.

“तर अंगण खचतं. फरशा डुगडुगतात. आणि मग लोक हसतात.”

खचण्याचं शंभूरावांना विशेष वाटलं नाही. डुगडुगण्याचंही नाही. पण लोक हसतात म्हटल्यावर त्यांचे काटे उभे राहिले. निवड नीट करायची, असं त्यांनी ठरवलं.

मग काय विचारता! ज्याला त्याला मत होतं. कोल्हा म्हणाला, लोळणारंच घ्या, एकदाच काय ते होऊन जाईल. रानकोंबडी म्हणाली, तिच्या मावसबहिणीने उड्या मारणारं घेतलं आणि तिला पस्तावा झाला. मावसबहिणीकडे अंगणच नव्हतं, हे नंतर कळलं. टिटवी म्हणाली, घाई करू नका, पुढच्या थंडीत याहून चांगली यंत्रं निघतील. एकाने विचारलं की मोराचा काही उपयोग होईल का. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नाही, पण मोराला चर्चेत नाव आल्याचं बरं वाटलं.

आणि या गोंधळात एक गंमत झाली. चिंतू नावाचा एक ससा तावातावाने बोलता बोलता मागे न बघता खाली बसला. बसला तो नेमका शंभूरावांच्या शेजारी. अगदी काट्याला कान लागेल इतका शेजारी.

शंभूराव श्वास रोखून उभे राहिले. मग हळूहळू, काटे आवरून, तेही खाली बसले. त्या दिवशी चर्चा काय झाली ते त्यांना एक अक्षर आठवत नव्हतं. ती संपत आली तेव्हा तेच घाईघाईने म्हणाले, “निर्णय उद्यावर ठेवू. अजून थोडं बोलायला हवं.”

असे बरेच उद्या गेले. अखेर बळवंतरावांनीच निकाल दिला. “घरगुती अंगण, मुरमाचा थर, बेताची जागा. थरथरणारंच हवं.”

यंत्र म्हणून धोंडोपंत कासवांची निवड झाली. पोट सपाट आणि वजन बेताचं. अडचण एकच होती. धोंडोपंत थरथरत नव्हते. “आमच्या घराण्यात कोणी थरथरलेलं नाही,” ते ताठ मानेने म्हणाले. मग बळवंतरावांनी एक सुतारपक्षी बोलावला आणि त्यांच्या पाठीवर बसवला. त्याने चोच चालवली मात्र, टकटकटकटक! धोंडोपंतांची मान आत गेली, डोळे बाहेर आले आणि सगळं घराणं एकदम थरथरू लागलं.

काम सुरू झालं. मुरमाचा पातळ थर पसरायचा. त्यावर पाणी शिंपडायचं. मग धोंडोपंतांनी थरथरत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि यायचं. मुरूम कसा दबत गेला म्हणता! नखाने उकरून निघेना.

मुलांनो, इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. निवड अगदी बरोबर होती. घराच्या अंगणाला, मुरमाच्या थराला, थरथरणारं सपाट यंत्रच लागतं. बळवंतरावांचं तोंड आंब्यात होतं, पण डोळे उघडे होते. तुम्ही मोठेपणी कधी अंगण केलंत तर तुम्हीही तेच निवडा.

तर धोंडोपंत मधोमध आले आणि एका बाजूला कलले. जमीन बदकन खाली बसली. परातीएवढा खड्डा पडला. पाठोपाठ बिळाच्या तोंडातून गोदाक्का बाहेर आल्या. त्यांच्या प्रत्येक काट्यावर मातीचं ढेकूळ होतं.

“स्वयंपाकघराचं छत आलं खाली,” त्या म्हणाल्या. “भाजीत.”

शंभूराव घाबरले. पण बळवंतरावांचा चेहरा खुलला होता. “माती बसली! उत्तम लक्षण आहे. सैल असते तीच बसते.” त्यांनी धोंडा आपटला. ढम! “पण अजून पोकळी आहे. यंत्र हलकं पडलं. आता उड्या मारणारं आणावं लागेल.”

शंभूरावांनी बायकोकडे पाहिलं. मग मंडळींकडे पाहिलं. खड्ड्याची बातमी ऐकून पलीकडच्या रानातूनही प्राणी आले होते. सगळे उत्सुकतेने त्यांच्याचकडे बघत होते.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “थोडे दिवस बसायच्या खोलीत स्वयंपाक कर ना.”

उड्या मारायला चिंतू ससा आला. त्याला आजवर कोणी उड्या मारायला बोलावलं नव्हतं, मारू नको असंच सांगितलं होतं. त्याने जीव तोडून काम केलं. तो उडी मारी, धप्प! मंडळी टाळ्या वाजवत. मग तो आणखी उंच उडी मारी. खड्ड्यात मुरूम टाकला की चिंतू तो दाबी आणि मुरूम खाली घरात जाई. घरात गेलेला मुरूम गोदाक्का पायांनी लोटत लोटत बिळाच्या तोंडाशी आणून बाहेर टाकत. बाहेरची मंडळी तो बघत आणि म्हणत, “अरे वा, मुरूम इथेच मिळतोय की!” आणि उचलून पुन्हा वर नेऊन टाकत. असं बराच काळ चाललं. सगळे कष्ट करत होते. आळस म्हणून कोणी केला नाही.

कोठी गेली. मग बसायची खोली गेली. उरली ती आतली झोपायची जागा.

त्या संध्याकाळी शंभूराव आणि गोदाक्का तिथे अंगाला अंग लावून बसले होते. वरून बारीक माती गळत होती.

“अहो, हे थांबवा आता,” गोदाक्का म्हणाल्या.

“कसं थांबवू? एवढी मंडळी येताहेत.”

“कशाला येताहेत?”

“बघायला.”

“काय बघायला? आपलं घर पडताना?”

शंभूरावांनी अंगावरची माती झटकली. मग खाली बघून म्हणाले, “आज चिंतू दमल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला होता. पाणी मागितलं त्यानं माझ्याकडे. मला आजपर्यंत कोणी पाणी मागितलं नव्हतं गं.”

गोदाक्कांना त्यांची कीव आली. खरंच आली. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “मी बसते की इतकी वर्षं तुमच्या शेजारी.”

“तुझं वेगळं,” शंभूराव म्हणाले. “तुलाही काटेच आहेत.”

गोदाक्का पाठ फिरवून आडव्या झाल्या. काटेवाल्यांनाही लागतं, मुलांनो. फक्त बाहेरून दिसत नाही. सकाळी उठून त्यांनी अंथरुणाचा पाला गोळा केला, राहिलेले कंद बांधले आणि सगळं बिळाबाहेर आणून ठेवलं.

वर बळवंतरावांनी पुन्हा धोंडा आपटला होता आणि पुन्हा ढम झालं होतं. आधीपेक्षा बारीक, पण ढमच. आता एकच उपाय उरला होता. लोळणारं.

लोळायला सरूबाई हत्तीण आल्या. त्या संकोचून माळाच्या कडेला उभ्या राहिल्या. “खरंच मला बोलावलंत?” त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. “मला कोणी अंगणात येऊ देत नाही हो. जमीन खराब होते म्हणतात.”

“आज तुमचाच मान आहे, बाई,” बळवंतराव म्हणाले.

सरूबाई मधोमध आल्या. चारी पाय दुमडून अलगद खाली बसल्या. मग आडव्या होता होता थांबल्या आणि त्यांनी घरधन्याला विचारलं, “शंभूराव, लोळू का?”

सगळं जंगल गप्प झालं. कोल्हा गप्प, टिटवीसुद्धा गप्प. सगळे शंभूरावांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या एका शब्दासाठी इतके जण थांबलेत, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

शंभूरावांनी बिळाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे गोदाक्का गाठोड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. अगदी थोडीशी हलवली. चारचौघांत नवऱ्याला नको म्हणायचं, तर तेवढीच हलवायची असते. शंभूरावांना ती दिसली. दिसली नाही, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मंडळी ‘बरं’ म्हणाली असती आणि घरी गेली असती.

“लोळा,” शंभूराव म्हणाले.

सरूबाई लोळल्या. या अंगावरून त्या अंगावर, माळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. जमिनीच्या आतून एक लांब सुस्कारा आला आणि बिळाच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर पडला. मग ते तोंडही मिटलं. धूळ बसल्यावर बळवंतराव पुढे झाले, त्यांनी धोंडा उचलला आणि आपटला.

ठक्क!

काय तो जल्लोष झाला! टोप्या असत्या तर उडाल्या असत्या. बळवंतरावांना खांद्यावर घेतलं. चिंतू रडला. धोंडोपंतही रडले असं म्हणतात, पण ते अजून थरथरतच असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. शंभूरावांना सगळे लांबून म्हणाले, “अभिनंदन!” मिठी मारायला मात्र कोणी आलं नाही. ते समजण्यासारखं आहे.

मग दगडी फरशी लागली. एकही दगड डुगडुगत नव्हता. आणि त्या थंडीत दरबारातून निरोप आला, की उन्हाची बैठक शंभूरावांकडे.

त्या सकाळी शंभूराव पहाटेच तयार झाले. काटे चाटूनपुसून लख्ख केले. महाराज आले. फरशीवर पंजा ठेवला, दाबून पाहिला आणि मधोमध बसले. त्यांच्या भोवती कोल्हा, टिटवी, रानकोंबडी, चिंतू, बळवंतराव आणि सगळं जंगल बसलं. शंभूरावही हळूच चिंतूच्या शेजारी बसायला गेले.

“अहो, अहो!” बळवंतराव म्हणाले. “तुम्ही घरधनी. तुम्ही बसून कसं चालेल? तुम्ही उभं राहून सगळ्यांचं हवं नको बघायचं.”

“अगदी खरं,” चिंतू म्हणाला आणि जरा पलीकडे सरकला.

तेव्हा शंभूराव कडेला जाऊन उभे राहिले. सवयीची जागा होती. पाय आपोआप गेले.

महाराजांनी ऊन खाल्लं. जांभई दिली. मग म्हणाले, “अंगण झकास आहे. आमच्या पाहण्यात इतकं पक्कं अंगण नाही. घर कुठे आहे?”

शंभूरावांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. बळवंतराव लगबगीने उठले.

“महाराज, घर अंगणातच जिरवलंय. म्हणून तर इतकं पक्कं झालं.”

“वा!” महाराज म्हणाले. “याला म्हणतात हौस. सगळ्यांनीच असं करावं.”

हुकूम निघायला वेळ लागला नाही. बिळात राहणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या घरावर पक्कं अंगण करावं. मुंगूस, घूस, कोल्हा, सगळे तिथल्या तिथे बळवंतरावांभोवती जमले आणि कोणतं यंत्र बरं, असं विचारू लागले. बळवंतराव म्हणाले, आधी जागा बघावी लागेल. सरूबाईंना तर इतकी आमंत्रणं आली की त्या लाजून कान हलवत राहिल्या. बाई बिचाऱ्या मनाने फार चांगल्या होत्या.

ऊन उतरू लागलं तसे महाराज उठले. मागोमाग मंडळी उठली. “चला, घरी जायला हवं, गारठा पडतोय,” असं म्हणत जो तो निघाला. शंभूराव सगळ्यांना निरोप द्यायला वाटेपर्यंत गेले. वाटेवर सगळे वेगवेगळे पांगले. शंभूरावही त्यांच्याबरोबर चार पावलं चालले. मग थांबले. आपल्याला कुठे वळायचं आहे, हे त्यांना आठवेना.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून गोदाक्का आल्या. इतके दिवस त्या तिथे एकट्या नवं बीळ उकरत होत्या. पंजे सोलले होते. “एका खोलीपुरतं झालंय,” त्या म्हणाल्या. “दोघं मावू. चला.”

शंभूरावांना एकदम जावंसं वाटलं. इतकं वाटलं की एक पाऊल पुढे पडलंही. पण त्यांनी वळून अंगणाकडे पाहिलं.

“उद्या कोणी आलं तर?” ते म्हणाले. “कोणीतरी असायला हवं ना इथे. तू हो पुढे. मी येतोच.”

गोदाक्का थोडा वेळ थांबल्या. मग ओढ्याकडे निघून गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शंभूराव अंगणाच्या मधोमध आले आणि खाली बसले. हवी तिकडे जागा होती. उठा म्हणायला कोणी नव्हतं, सरकायलाही कोणी नव्हतं. अंधार पडला तशी फरशी गार होत गेली, आधी पायांना, मग पोटाला. शंभूराव उद्या कोण येईल त्याचा विचार करत राहिले. आणि फरशीबद्दल काही म्हणायला जागा नव्हती. ती कुठेही तसूभर खचली नाही.

तात्पर्य: मुलांनो, अंगण करताना यंत्र फार विचार करून निवडावं आणि आवाज ठक्क येईपर्यंत थांबू नये. मध्ये घर आडवं आलं, तर यंत्र थोडं जड घ्यावं. अंगण अख्खं जग बघतं. घरात काय, नुसती आपली माणसं असतात.